मु. पो. पिंपरी पेंढार ते डॉट इन : ई-मेलचा बरोबर पत्ता शोधणं एके काळी इतकं अवघड का होतं?

पिंपरी पेंढारला पत्र टाकायचं असेल तर पाकिटावर काय लिहाल? गावाचं नाव, खाली ता. जुन्नर, मग जि. पुणे आणि शेवटी पिन कोड. नुसतं ‘पिंपरी’ लिहून भागत नाही, कारण जुन्नर तालुक्यातच पिंपरी कावळ आहे आणि पुण्याला खेटून अख्खं पिंपरी-चिंचवड शहर उभं आहे. म्हणून गाव, तालुका, जिल्हा अशी लहानाकडून मोठ्याकडे उतरंड लावायची. पण पत्र कुठल्या गाडीने जाईल, माळशेज घाट चढून येईल की नारायणगावहून वर येईल, हे आपण कधीच लिहीत नाही. ते पोस्टाचं काम.

आजचा ई-मेल पत्ता असाच चालतो. @ च्या आधी माणसाचं नाव, नंतर संस्था, मग ती कुठल्या गटातली, शेवटी देश. टिंब देऊन लिहिलेलं गाव, तालुका, जिल्हा. या टिंबांच्या नावाला डोमेन नेम म्हणतात. आपल्याला ते जन्मापासून असल्यासारखं वाटतं. पण १९८० च्या दशकात ई-मेल पाठवणाऱ्या बऱ्याच लोकांना पत्ता नव्हे, तर रस्ता लिहावा लागायचा. आणि रस्त्याकडून पत्त्याकडे जाताना जी दहा-बारा वर्षं गेली, त्यात एखाद्याचा बरोबर ई-मेल पत्ता मिळवणं हे एक स्वतंत्र काम होऊन बसलं होतं. भारतात हे काम ज्यांना करावं लागलं त्यांत मुंबई-पुण्यातल्या संस्था होत्या, आणि त्यातली एक थेट जुन्नर तालुक्यात दुर्बीण उभारत होती.

आधी होता रस्ता

त्या काळी आजच्यासारखं एकच इंटरनेट नव्हतं. वेगवेगळी जाळी होती. त्यातलं स्वस्त आणि पसरलेलं जाळं यूयूसीपीचं. एक संगणक साध्या टेलिफोनवरून शेजारच्या संगणकाला फोन लावायचा, साठलेली पत्रं द्यायचा, त्याच्याकडची घ्यायचा आणि फोन ठेवायचा. तो शेजारी पुढच्याला फोन लावायचा. पत्र असं हातोहात जायचं, आणि मधला फोन रात्री दर उतरल्यावर लागणार असेल तर तोवर तिथेच पडून राहायचं.

यात पाठवणाऱ्यालाच सगळे मुक्काम माहीत असावे लागत. ते उद्गारचिन्हाने जोडून लिहीत. आपल्या भाषेत सांगायचं तर कल्याणहून पत्र असं जाईल :

कल्याण!मुरबाड!ओतूर!पिंपरी-पेंढार!जोशी

याला इंग्रजीत ‘बँग पाथ’ म्हणत, कारण उद्गारचिन्हाला बोलीत ‘बँग’. यातली अडचण लगेच लक्षात येईल. हाच माणूस पुण्याहून शोधायचा तर रस्ता वेगळा, नाशिकहून तिसराच. म्हणजे एका माणसाचा एक पत्ता असा नव्हताच. आणि मधला ओतूरचा संगणक बंद पडला की पत्ता चुकीचा, जरी जोशी जिथल्या तिथे बसलेले असले तरी. म्हणून लोक आपला पत्ता देताना एखाद्या प्रसिद्ध नाक्यापासून पुढचा रस्ता सांगत. ‘आळेफाट्याला या, तिथून कुणालाही विचारा’ असा तो प्रकार.

हे हाताने करणं जमेना, तेव्हा स्टीव्ह बेलोविन आणि पीटर हनीमन यांचा ‘पाथअलायस’ नावाचा प्रोग्रॅम आला. कुठला संगणक कुणाला फोन लावतो याचे नकाशे स्वयंसेवक गोळा करून सगळ्यांना पाठवायचे, आणि हा प्रोग्रॅम त्यातून सर्वांत स्वस्त रस्ता काढून द्यायचा. नकाशा जुना झाला की रस्ताही चुकायचा.

दुसरीकडे अमेरिकन सरकारच्या पैशावर चालणारं अर्पानेट होतं. तिथे रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्येच @ हे चिन्ह वापरायला सुरुवात केली होती, त्यामुळे रस्ता लिहायची गरज नव्हती. पण सगळ्या संगणकांची नावं एकाच यादीत असत. ती यादी कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट सांभाळायचा. नवा संगणक आला की त्यांना कळवायचं, आणि ताजी यादी सगळ्यांनी उतरवून घ्यायची. गावात पन्नास घरं असताना पोस्टमनला सगळी पाठ असतात, तसं हे. पण नावं वाढत गेली आणि ‘हे नाव आधीच कुणीतरी घेतलंय’ असं वारंवार होऊ लागलं.

टिंब आलं, आणि गोंधळ वाढला

नोव्हेंबर १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी आरएफसी ८८२ आणि ८८३ या दोन टिपणांतून डोमेन नेम सिस्टिम मांडली. कल्पना साधी होती. एकाच माणसाने सगळी यादी सांभाळायची नाही. वरच्याने फक्त जिल्हे सांभाळायचे, जिल्ह्याने तालुके, तालुक्याने गावं. आपल्या गावात दोन जोशी असतील तर ते गावाने पाहून घ्यावं, दिल्लीला विचारू नये.

ऑक्टोबर १९८४ मध्ये कॉम, ईडीयू, गव्ह असे वरचे गट आणि देशांची दोन अक्षरी नावं ठरली. १५ मार्च १९८५ ला ‘सिम्बॉलिक्स.कॉम’ हे पहिलं डॉट कॉम नोंदलं गेलं.

कागदावर हे सुंदर होतं. प्रत्यक्षात मधल्या काळात प्रत्येक संगणकाचं नाव बदललं, काहींचं दोनदा. सुरुवातीला सरसकट सगळ्या जुन्या नावांना ‘.अर्पा’ हे तात्पुरतं शेपूट लावलं गेलं. एमआयटीतल्या एका संगणकाचं उदाहरण घ्या. आधी तो ‘एमआयटी-एमसी’ होता, मग ‘एमआयटी-एमसी.अर्पा’ झाला आणि त्यानंतर ‘एमसी.एलसीएस.एमआयटी.ईडीयू’. पेटी तीच, तिच्यावरची पाटी तिसरी. ज्याने पत्ता डायरीत उतरवून ठेवला होता त्याचं काय झालं असेल ते सांगायला नको.

त्यात आणखी एक मेख होती. सगळी जाळी एकदम टिंबांकडे वळली नाहीत. निम्मं जग रस्ता लिहीत होतं, निम्मं पत्ता. मग दोन्ही एकत्र करून लोक असलं काहीतरी लिहीत :

ओतूर!जोशी@पुणे

हे कसं वाचायचं? आधी पुण्याला जायचं आणि तिथून ओतूरला, की आधी ओतूरला जाऊन ‘पुण्याचे जोशी’ शोधायचे? इंटरनेटचा १९८२ चा नियम सांगायचा की @ आधी पाहा. यूयूसीपीवाले आधी उद्गारचिन्ह पाहायचे. एकच पत्ता दोन संगणक दोन तऱ्हेने वाचत, आणि पत्र कुठल्या संगणकाच्या हाती आधी पडलं यावर त्याचं नशीब ठरे. या कोड्यातून वाट काढण्यासाठी एरिक ऑलमन यांनी ‘सेंडमेल’ लिहिलं. त्याची नियमांची फाइल इतकी अगम्य दिसायची की ती वाचता येणं हीच एक पदवी मानली जाई.

ब्रिटिशांनी तर कमालच केली. त्यांच्या विद्यापीठांच्या ‘जॅनेट’ या जाळ्यात पत्ता उलटा लिहीत. आधी देश, मग विद्यापीठ, मग विभाग. म्हणजे ‘जि. पुणे, ता. जुन्नर, मु. पिंपरी पेंढार’. तर्क वाईट नव्हता, पण बाकी जग उलट दिशेने चाललं होतं. कॉम्प्युटर सायन्स विभागाचं लघुरूप ‘सीएस’ त्यांच्या पत्त्यात सर्वांत शेवटी यायचं, आणि ‘सीएस’ हे तेव्हा चेकोस्लोव्हाकियाचं देशनामही होतं. ब्रिटनमधल्या प्राध्यापकाला लिहिलेलं पत्र प्रागच्या दिशेने निघण्याची सोय यात आपसूक झाली होती.

जुहू, कुलाबा आणि खोडद

आता आपल्याकडे. १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने ‘ईआरनेट’ हे शिक्षण-संशोधनाचं जाळं सुरू केलं. पहिले भिडू आठ : तेव्हाच्या पाच आयआयटी, बंगळूरची आयआयएससी, दिल्लीतला तो विभाग स्वतः आणि मुंबईत जुहूला असलेलं एनसीएसटी, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी. त्याचे संचालक होते एस. रमणी. सुरुवात झाली ती डायल-अप यूयूसीपी मेलनेच. दिल्ली आणि मुंबई यांच्यात ९.६ केबीपीएसची पहिली कायमची लाइन आली जानेवारी १९९१ मध्ये. आजच्या एका व्हॉट्सॲप फोटोला त्या लाइनवरून जायला काही मिनिटं लागली असती.

परदेशी जायचा दरवाजा होता जुहूचं एनसीएसटी, आणि पलीकडचं टोक अमेरिकेत व्हर्जिनियातली ‘यूयूनेट’ ही कंपनी. एनसीएसटीच्या एका संगणकाचं नाव होतं ‘शक्ती’, दुसऱ्याचं ‘साथी’. बंगळूरच्या आयआयएससीत ‘विज्ञान’ होता. नावं अशी देशी असली तरी पत्ता शेवटी यूयूनेटच्या नाक्यावरून सांगावा लागे : यूयूनेट!शक्ती!अमुक. किंवा टक्क्याची युक्ती :

जोशी%शक्ती.ईआरनेट.इन@यूयूनेट.यूयू.नेट

याचा अर्थ, @ च्या उजवीकडे जो आहे त्या यूयूनेटला आधी पत्र द्या. तो आपलं नाव खोडेल, टक्क्याच्या जागी @ करेल आणि पुढे ढकलेल. अधिकृत नियमांत ही युक्ती नव्हती, पण वर्षानुवर्षं जगभर तिच्यावर काम चाललं. ‘द्वारा’ लिहून शेजाऱ्याच्या पत्त्यावर पत्र मागवायची आपली जुनी पद्धत तीच ही.

मग ८ मे १९८९ ला ‘.इन’ हे भारताचं देशनाम नोंदलं गेलं. सामान्य माणसाला इंटरनेट मिळायला अजून सहा वर्षांहून जास्त अवकाश होता. इथे प्रश्न पडेल की जे संगणक चोवीस तास इंटरनेटवर नाहीत, त्यांना डोमेन नेम घेऊन काय उपयोग? याचं उत्तर जानेवारी १९८६ च्या एका सुधारणेत आहे. क्रेग पार्ट्रिज यांनी ‘एमएक्स’ नावाची नोंद आणली. डोमेनच्या यादीत फक्त एवढं लिहायचं की ‘या नावाची पत्रं त्या अमुक संगणकाकडे द्या, तो पोचवेल’. त्यामुळे टेलिफोनवर जोडलेल्या, कधी जागा तर कधी झोपलेल्या संगणकालाही टिंबाचा सभ्य पत्ता मिळाला, आणि रस्ता पाठवणाऱ्याच्या डोक्यातून निघून यंत्रणेकडे गेला. माझ्या मते टिंबाइतकीच महत्त्वाची गोष्ट ही आहे, पण तिचं नाव फारसं कुणी घेत नाही.

कुलाब्याच्या टीआयएफआरची गोष्ट आणखी वेगळी. तिथल्या शास्त्रज्ञांच्या १९९० च्या सुरुवातीच्या शोधनिबंधांवर पत्ता दिसतो ‘टीआयएफआरव्हॅक्स.बिटनेट’. बिटनेट हे विद्यापीठांचं तिसरंच जाळं, आणि ‘.बिटनेट’ हे खरं डोमेन नव्हतंच. डोमेनसारखं दिसणारं सोंग होतं. इंटरनेटवरून तिथे लिहायचं तर न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीच्या ‘क्युनीव्हीएम’सारख्या एखाद्या वेशीतून टक्का लावून जावं लागे. पुढे हाच संगणक ‘टीआयएफआरव्हॅक्स.टीआयएफआर.रेस.इन’ झाला.

आणि खोडद. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळच्या या गावात टीआयएफआरने जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक उभारली, जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यातल्या १४ खोडदला मध्यभागी आणि बाकीच्या तीन दिशांना इंग्रजी वाय अक्षरासारख्या पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांचं हे स्वप्न. इथे रेडिओ गोंगाट कमी, म्हणून जागा निवडली. काम चाललं ते १९९० च्या दशकात, म्हणजे नेमक्या या पत्त्यांच्या संक्रमणकाळात. पुण्यात गणेशखिंडीला असलेल्या एनसीआरए या त्यांच्या केंद्रातून परदेशातल्या शास्त्रज्ञांशी पत्रव्यवहार व्हायचा, आणि शोधनिबंधांवर पत्ता असायचा ‘जीएमआरटी.ईआरनेट.इन’. शेजारी आयुका ‘आयुका.ईआरनेट.इन’, पुणे विद्यापीठ ‘युनिपुणे.ईआरनेट.इन’. तालुक्यातल्या दुर्बिणीचं नाव असं जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांच्या पत्त्यांच्या वहीत गेलं, तेही ती पूर्ण व्हायच्या आधी.

या पत्त्यांत एक गंमत आहे. डोमेन नेमचा मूळ हेतू असा की पत्त्यावरून तुम्ही कोण ते कळावं, तार कुणाची ते नाही. पण ‘ईआरनेट’ हे तारेचंच नाव! म्हणजे आपली पहिली पिढी अर्धी रस्त्यावर, अर्धी पत्त्यावर होती. पुढे संशोधन संस्थांना ‘रेस.इन’ आणि विद्यापीठांना ‘एसी.इन’ मिळालं. जीएमआरटीचे लोक ‘एनसीआरए.टीआयएफआर.रेस.इन’ झाले, आयआयटी मुंबई ‘आयआयटीबी.ईआरनेट.इन’वरून ‘आयआयटीबी.एसी.इन’वर गेली. छापलेला निबंध मात्र बदलत नाही. जुना निबंध वाचून कुणी शंका विचारायला लिहिलं, तर ते पत्र नसलेल्या दारावर जाणार.

मग बरोबर पत्ता सापडायचा कसा?

पहिला उपाय आजही हमखास : समोरच्याला आधी पत्र पाठवायला लावायचं आणि आलेल्या पत्राला उत्तर द्यायचं. त्यातही दगा व्हायचा, कारण वाटेतले संगणक ‘कोणाकडून’ ही ओळ आपापल्या समजुतीने बदलत. मग जाणकार लोक पत्राच्या वरचे शिक्के वाचत. प्रत्येक मुक्कामाचा संगणक तिथे आपली नोंद टाकतो, ती खालून वर वाचली की पत्र कुठून कसं आलं ते कळतं. ही नोंद आजही प्रत्येक ई-मेलमध्ये असते, फक्त आपल्याला दाखवत नाहीत.

दुसरा उपाय ‘पोस्टमास्टर’. १९८२ च्या नियमानुसार प्रत्येक मेल यंत्रणेत या नावाचा पत्ता असणं सक्तीचं. गाव माहीत आहे पण घर नाही, तर पोस्टमास्टरला लिहायचं की बाबा रे, अमुक प्राध्यापक तुमच्याकडे आहेत का? पलीकडे खरोखर एक माणूस बसलेला असे आणि बहुतेकदा तो उत्तरही देई. शिवाय ‘हूइज’ नावाची विचारणा होती, ‘फिंगर’ हा हुकूम होता, ज्याने एखाद्या संगणकावर कुणाचं खातं आहे ते दिसे. एमआयटीत तर जाहीर चर्चांमधून लोकांचे पत्ते वेचून ठेवलेला एक सर्व्हर होता. त्याला ई-मेलने नाव पाठवलं की ई-मेलने पत्ता यायचा.

आणि छापील पुस्तक! १९८९ मध्ये डॉनलिन फ्रे आणि रिक ॲडम्स यांनी पत्ते आणि जाळी यांची एक निर्देशिकाच काढली. तिचं नाव सुरू होतं ते चिन्हांनी : !%@:: . प्रत्येक चिन्ह म्हणजे पत्ता लिहायची एकेक रीत. हे रिक ॲडम्स म्हणजे यूयूनेटचे संस्थापक, ज्यांच्या दारातून भारताचं पत्र जात होतं तेच.

यातलं काहीच चाललं नाही तर फोन किंवा टपाल. ई-मेल पत्ता विचारायला एरोग्राम टाकणं आज विनोदी वाटेल, पण पत्त्यातलं एक अक्षर चुकलं की पत्र चार दिवसांनी ‘पोचलं नाही’ म्हणून परत यायचं. कधी तेही यायचं नाही, आणि परिषदेची किंवा प्रवेशअर्जाची तारीख उलटून जायची.

गियास पीएन शून्य एक

१५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सर्वांसाठी इंटरनेट सुरू केलं आणि हा ताप घराघरात आला. पत्त्यात यंत्राचं नाव असायचं : मुंबईला ‘गियासबीएम०१.व्हीएसएनएल.नेट.इन’, पुण्याला ‘गियासपीएन०१.व्हीएसएनएल.नेट.इन’. गियास म्हणजे ‘गेटवे इंटरनेट ॲक्सेस सर्व्हिस’. फोनवर हे सांगताना शून्य की ओ, एक की एल, यात दोन-तीन मिनिटं सहज जायची. काही वर्षांत ‘बीओएम२’, ‘पीएन२’, ‘पीएन३’ अशी नवी रूपं आली आणि व्हिजिटिंग कार्डं पुन्हा छापून घ्यावी लागली. शहर अधिकृतपणे मुंबई झालं होतं, ई-मेलमध्ये मात्र बॉम्बेच राहिलं.

४ जुलै १९९६ ला सुरू झालेल्या हॉटमेलचं आकर्षण फुकट असण्यात होतंच, पण कनेक्शन बदललं, शहर बदललं तरी पत्ता तोच राहतो, हेही लोकांना फार आवडलं.

आज पुन्हा पाट्या बदलताहेत

रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘.बँक.इन’ या खास डोमेनवर जायला सांगितलं. पत्ते बदलतात तेव्हा भामट्यांचं फावतं, ‘आमचा पत्ता बदललाय’ असं तेही सांगतात. इथे जुनी युक्ती वापरा : @ नंतरचं नाव उजवीकडून डावीकडे वाचा. अगदी शेवटी ‘.बँक.इन’ असेल तर ठीक. ‘बँक-इन.कॉम’ किंवा ‘बँक.इन.अमुक.कॉम’ असेल तर जिल्हा वेगळा आहे, गावाचं नाव कितीही ओळखीचं वाटो. वेबसाइटचा पत्ता असेल तर पहिल्या तिरक्या रेघेच्या आधीचा भाग असाच वाचायचा.

आणि देवनागरीतला पत्ता? ‘.भारत’ हे डोमेन ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीत खुलं झालं, मराठी, हिंदी, कोकणी अशा आठ भाषांसाठी. ई-मेलचा @ च्या आधीचा भागही आपल्या लिपीत लिहिता यावा याचे नियम २०१२ मध्येच आले आहेत. मात्र दोन्ही बाजूंच्या यंत्रणांनी ते पाळले तरच पत्र पोचतं, आणि पुष्कळ वेबसाइटचे फॉर्म असा पत्ता अजून ‘चुकीचा’ म्हणून नाकारतात. शिवाय संगणकाच्या लेखी ‘पिंपरी’, ‘पिम्परी’ आणि ‘पिंप्री’ ही तीन वेगळी नावं आहेत. पिंपरी पेंढारच्या पोस्टमनला ती एकच वाटतील.